खुर्द्याचे गाणे : दूरदेशीच्या शिपायाचा विरह कोणी गायिला?

१.
१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, अशी परंपरा आहे. पत्र सांकेतिक होते. त्यात माणसांची नावे नव्हती, होता तो जडजवाहिराचा आणि नाण्यांचा हिशेब. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ ही मोती, मोठे सरदार म्हणजे सोन्याच्या मोहरा. उरले सारे सामान्य शिपाई, ते त्या पत्रात सुट्या नाण्यांच्या, म्हणजे खुर्द्याच्या वाट्याला आले. मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजला नाही.

२.
हा थ्रेड त्या खुर्द्याविषयी आहे. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या मुलखात, तंबूत किंवा उघड्यावर रात्र काढणाऱ्या मराठी शिपायाला घराची आठवण येत असेल. ती आठवण कोणत्या गाण्यात उतरली? जगातील बहुतेक लढवय्या समाजांत एकाकी शिपायाचे एक तरी लोकप्रिय गीत असते. आपल्याकडे ते कुठे आहे? पोवाड्यात शोधले तर सापडत नाही. ते ज्या ठिकाणी आहे, तिथे आपण सहसा इतिहास शोधायला जात नाही.

३.
प्रथम मुलूख पाहू. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या वाटेवर बावडा हे गाव आहे. पुढे सराटीजवळ नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि दोहोंचा संगम पूर्वेस नरसिंहपुरी. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. पाऊस बेताचा, माळरान फार, ज्वारी-बाजरीचा आधार. अशा मुलखात दोन गोष्टी चांगल्या निपजतात : काटक माणूस आणि काटक घोडा.

४.
भीमथडी आणि नीरथडी ही नावे आज पुस्तकांत उरली असली, तरी मराठी घोडदळाच्या काळात ती घोड्यांच्या बाजारात मोलाची होती. या नद्यांच्या काठची तट्टे ठेंगणी, पण दमदार, थोड्या चाऱ्यावर लांब पल्ला मारणारी. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचा अभिमान आपण आजही मिरवतो. त्या तट्टांवर बसलेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

५.
घोडेस्वार दोन प्रकारचे. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारकडून किंवा सरदाराकडून मिळे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा हीच त्याची सारी पुंजी. घोडा पडला तर पगारही कमी आणि मानही कमी, म्हणजे शिलेदाराचा बारगीर होण्याची वेळ. बहुतेकांची गावी थोडीफार शेती असे. मोहिमेवर निघालेला माणूस घरची बायकापोरे, जमीन, सावकाराचे देणे आणि पेरणीचा घोर असे सगळे मनात घेऊनच रिकिबीत पाय ठेवी.

६.
या माणसाचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, हिवाळा-उन्हाळा मुलूखगिरीत घालवायचा आणि मृगाच्या आत घरी परतायचे. पावसाळ्यात नद्या उतारू देत नाहीत, तोफांचे गाडे चिखलात रुततात, आणि शेतात हात हवे असतात. म्हणून आषाढ-श्रावण हा घरी असण्याचा काळ. मराठी शृंगारगीतांत पावसाळा इतका का भरून येतो, याचे उत्तर केवळ कालिदासाच्या परंपरेत नाही. ते फौजेच्या वेळापत्रकातही आहे.

७.
मराठ्यांचा पसारा नर्मदेपलीकडे गेला आणि हे वेळापत्रक मोडले. माळवा, बुंदेलखंड, राजपुताना, दिल्ली : एवढ्या लांबून दरसाल परतणे शक्य नव्हते. मग पावसाळ्यात फौज जिथे असेल तिथेच छपरे घालून राही. या पावसाळी मुक्कामालाच ‘छावणी’ म्हणत. आज आपण हा शब्द कोणत्याही लष्करी तळासाठी वापरतो. तेव्हा ‘यंदा छावणी तिकडेच’ याचा गावाकडचा अर्थ सरळ होता : यंदा माणूस घरी येत नाही. १७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले ते उत्तरेत अनेक वर्षे काढून. त्यांच्यासोबतच्या दक्षिणी शिपायांचीही तितकीच वर्षे तिकडे गेली होती.

८.
आता पोवाड्याकडे वळू. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ या मुंबईच्या सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. निवडक पोवाड्यांचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८९४ साली निघाले. मराठी संग्रहाच्या नावातच त्याचे धोरण आहे : ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’. पोवाडा हा नावांचा काव्यप्रकार आहे. कोण चालून गेला, कोणाची कोणती बाजू होती, कोण पडला, हे तो नाव घेऊन सांगतो. सरदार पदरी असे, बिदागी देई, आणि शाहीर त्याचे नाव गाई. सावकारी पत्राप्रमाणेच पोवाड्यानेही मोती आणि मोहरा मोजल्या.

९.
निनावी शिपाई मराठी काव्यात येतो तो लावणीत, आणि तोही थेट येत नाही. उत्तर पेशवाईतील विरहाच्या लावणीची मांडणी बहुधा अशी असते : एक तरुण स्त्री आपल्या सखीशी बोलते आहे. तिचा पती किंवा प्रियकर स्वारीवर गेला आहे. बोलल्या महिन्यात तो आला नाही. आभाळ भरून येते, शकुन होतात आणि खोटे ठरतात, शेज रिकामी राहते. त्याचे नाव कळत नाही, गाव कळत नाही, तो कोणाच्या पथकात आहे तेही कळत नाही. कळते ते इतकेच की, तो दूर आहे आणि त्याच्यावाचून कोणाचे तरी अडले आहे.

१०.
हे वाचून अनेक जण सरळ निष्कर्ष काढतात : पेशवाईतील शिपायांच्या स्त्रिया किती झुरत होत्या, पाहा! समाजमाध्यमांवर अशा लावण्या ‘त्या काळच्या स्त्रीचे मन’ म्हणून फिरतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणतेही साधन हाती घेतले की तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी रचले? कोणी सादर केले? कोणी ऐकले? विरहाच्या लावणीला हे तीन प्रश्न विचारले की चित्र बदलते.

११.
कोणी रचले? संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, पुण्याचा होनाजी, तसेच प्रभाकर, परशराम, सगनभाऊ. जाती निरनिराळ्या : राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, त्याच्या लावण्या गोड गळ्याने गाणारा बाळा करंजकर शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी. यांतला राम जोशी तर आपल्या बारामतीच्या कथेतलेही पात्र आहे. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांच्या प्रभावाने तो तमाशाकडून कीर्तनाकडे वळला, असे परंपरा सांगते. जात कोणतीही असो, ही प्रसिद्ध नावे सारी पुरुषांची आहेत.

१२.
कोणी सादर केले? दरबारात आणि वाड्यांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणी होत्याच. पण फडावरच्या, तळावरच्या तमाशात स्त्रीचे सोंग बहुधा मुलगा घेई. त्याला ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. पायांत चाळ बांधून, लुगडे नेसून तोच विरहिणी होई. मागे डफ, तुणतुणे आणि झीलकरी, सगळे पुरुष.

१३.
आणि कोणी ऐकले? तमाशाचा मोठा आश्रयदाता फौज होती. मुक्कामात, छावणीत, बाजारबुणग्यांच्या पालांमध्ये रात्री फड उभे राहत. म्हणजे पुरुषाने रचलेली, मुलाने स्त्रीवेषात सादर केलेली आणि घरापासून दूर असलेल्या शेकडो पुरुषांनी ऐकलेली ही ‘स्त्रीची’ व्यथा आहे. मशालीच्या उजेडात बसलेल्या त्या शिपायाला जे ऐकायचे होते ते नेमके हेच : आपली कोणीतरी वाट पाहते आहे, दिवस मोजते आहे, आपल्यावाचून तिला चैन नाही.

१४.
मला वाटते, मराठीतील एकाकी शिपायाचे गाणे हेच आहे. ते त्याच्या तोंडी नाही, कारण ‘मला घराची आठवण येते’ असे चारचौघांत म्हणणे शिपाईगिरीला शोभणारे नव्हते. म्हणून त्याने आपला एकटेपणा स्त्रीच्या तोंडी घातला आणि समोर बसून ऐकला. लावणीतली विरहिणी आपल्याला त्या काळच्या स्त्रीविषयी कमी सांगते. तिची कल्पना करणाऱ्या, तिच्या निष्ठेची खात्री हवी असणाऱ्या पुरुषाविषयी मात्र पुष्कळ सांगते. काही लावण्यांत स्त्रीच्या चंचलपणाचा संशय डोकावतो, तोही याच दृष्टीने वाचावा. वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्या माणसाची ती धास्ती आहे.

१५.
पुरुषाने स्त्रीच्या वाणीतून आर्त बोलावे, ही रीत शाहिरांनी शोधलेली नव्हती. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत भक्तच विरहिणी होतो आणि विठ्ठलाची वाट पाहतो. संतांच्या गौळणींतही पुरुषकवी गोपीच्या मुखाने बोलतो. बावडा-सराटीची ही वाट तर तुकोबांच्या पालखीची वाट. या मुलखातल्या शिपायाच्या कानांवर विरहिणी लहानपणापासून पडत आली असेल. शाहिराने त्या ओळखीच्या साच्यात देवाच्या जागी स्वारीवरचा माणूस ठेवला.

१६.
येथे युरोपातील एका गीताची तुलना उद्‌बोधक ठरते. ‘लिली मार्लेन’ ही हान्स लाइप याने १९१५ साली, पहिल्या महायुद्धात लिहिलेली जर्मन कविता. नॉर्बर्ट शुल्त्से याने १९३८ साली तिला चाल दिली आणि १९३९ मध्ये लाले आंडर्सन हिच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित झाली. १९४१ पासून बेलग्रेडच्या जर्मन लष्करी रेडिओवरून ती रोज रात्री वाजू लागली आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन शिपायांबरोबर त्यांच्या विरुद्ध लढणारे इंग्रज शिपाईही ती ऐकू लागले. शब्द शिपायाचे, आवाज स्त्रीचा. आपल्या लावणीत शब्द स्त्रीचे, आवाज पुरुषाचा. आरसा उलटा धरला आहे, पण दोन्हींत दिसणारा चेहरा एकच : दूरवर एकटा असलेला शिपाई.

१७.
त्याच वाळवंटात त्या काळी मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती, जिचे मूळ थेट १८व्या शतकातील मुंबई फौजेत जाते. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा ही पलटण युद्धकैदी झाली. एका गीताच्या भोवती दोन्ही बाजूंचे शिपाई गोळा होत होते, त्याच वाळूत सह्याद्रीकडचे तरुणही आपल्या घरापासून हजारो मैल दूर होते.

१८.
मग जी खरोखर घरी राहिली, तिचा आवाज कुठे आहे? तो जात्यावर आहे. पहाटे दळताना बायांनी स्वतः रचलेल्या, स्वतः गायिलेल्या आणि एकमेकींनीच ऐकलेल्या ओव्या हे मराठी स्त्रीचे सर्वांत मोठे स्वनिर्मित साधन. वरचे तीन प्रश्न इथे विचारले तर तिन्हींचे उत्तर ‘बाई’ असे येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ पुणे जिल्ह्यातल्या आहेत, आणि आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो.

१९.
ओवीतली बाई लावणीतल्या बाईसारखी बोलत नाही. तिच्या गाण्यात दूर असलेला माणूस बहुधा नवरा नसतो, भाऊ असतो. सासरी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, सासू ऐकते आहे, आणि माहेरचा एकच आधार म्हणजे भाऊ. तिथे शेजेपेक्षा शेत अधिक आहे : पाऊस, पेरणी, बैल, दळण, लेकरू, आईची आठवण. तिची प्रतीक्षा कामाच्या मधोमध चालते. खिडकीशी बसून उसासे टाकायला तिला वेळ नव्हता. खिडकीशी तिला बसवले ते शाहिराने, आणि तेही शिपायासाठी.

२०.
शिवाय युद्ध नेहमी दूरच असे, असेही नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ पुण्याचा निकाल लागला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. फौज वाटेने गेली की उभे पीक, कडबा, गुरे, धान्याचे पेव, काहीच सुरक्षित राहत नसे. मग ती फौज शत्रूची असो वा आपली. घरी राहिलेली स्त्री त्या वर्षी प्रियकराची वाट पाहत बसली असेल की पोरे आणि बी-बियाणे वाचवत असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२१.
वाट पाहणाऱ्या एका स्त्रीची नोंद मात्र इतिहासाने काळजीपूर्वक ठेवली, कारण तिचा पती मोती होता. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. पुढे एक जण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली आणि १७७६ साली या तोतयाला देहदंड झाला. परत न आलेल्या माणसाची आशा साऱ्या राज्याला हलवू शकते, हे त्या प्रकरणाने दाखवले. भीमा-नीरेच्या काठी परत न आलेले शिपाईही होते. त्यांच्या घरी कोणी तोतया आला नाही, कारण खुर्द्याचे सोंग घेऊन कोणाला काय मिळणार?

२२.
सरकारदरबारी त्यांची दखल अगदीच नव्हती असे नाही. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी जमीन किंवा नेमणूक दिली जाई. तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. शब्द हृद्य आहे. पण ती मिळवायला मृत्यू सिद्ध व्हावा लागे, दरबारात कोणी शब्द टाकावा लागे. जिथे संगमावरचे नरसिंहाचे मंदिर विंचूरकरांचे नाव सांगते आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपताहून परत आल्याचे आपल्याला ठाऊक असते, तिथे त्यांच्या मागून दौडलेल्या स्वारांसाठी एक दगडही नाव सांगत नाही.

२३.
विरहाची लावणी इतिहासाचे साधन म्हणून मागे पडण्याला आणखी एक कारण झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या मंडळींनी शाहिरी वाङ्मयाची वाटणी केली. पोवाडा राष्ट्राभिमानाचा, म्हणून संग्राह्य. लावणी शृंगाराची, म्हणून चोरून वाचण्याची. व्हिक्टोरियन सभ्यता आणि आपली सोवळी अभिरुची यांचे या बाबतीत एकमत होते. सरदारांचा इतिहास दिवाणखान्यात आला आणि शिपायांच्या मनाचा इतिहास अश्लील ठरून माजघरातही पोहोचला नाही.

२४.
इंग्रजी अमलात शिपायाचे अंतर वाढले, मोजणीची रीत तीच राहिली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात अडकली. उपासमारीनंतर शरणागती आली, आणि कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. अनेक जण वाटेतच मेले.

२५.
मेसोपोटेमियात पडलेल्या, पण ज्यांची थडगी नाहीत अशांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. सामान्य हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक केवळ आकडा दिला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या भेदभावाची जाहीर कबुली दिली. आपल्याकडेही अनेक गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, एक छोटी संगमरवरी पाटी आढळते : या गावातून महायुद्धास इतके गेले, इतके परतले नाहीत. तिथेही आकडेच आहेत, नावे नाहीत. या खेपेस खुर्दा मोजला गेला, इतकाच फरक.

२६.
या युद्धात प्रथमच हिंदी शिपायांची पत्रे मोठ्या संख्येने लिहिली गेली, आणि सरकारने ती वाचलीही. फ्रान्समधील हिंदी फौजेच्या टपालावर सेन्सॉर बसवला होता. त्याने केलेली पत्रांची इंग्रजी भाषांतरे आज इतिहासकारांना उपलब्ध आहेत. पण त्यांतही एकांत नाही. पुष्कळ शिपाई निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहवायचे, गावी ते तिसऱ्याने मोठ्याने वाचायचे, आणि मध्ये सेन्सॉर. काही जण हिंदी पलटणींना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत. पानिपतचे मोती आणि फ्रान्समधली मिरी, दीडशे वर्षांच्या अंतराने तोच उपाय. मनातले मोकळे बोलण्याची सोय शिपायाला तेव्हाही नव्हती.

२७.
दूर गेलेला मराठी पुरुष अखेर स्वतःच्या तोंडाने मोठ्या जनसमुदायापुढे बोलला तो विसाव्या शतकात, आणि तोवर तो शिपाई राहिला नव्हता, मुंबईचा कष्टकरी झाला होता. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघर पोहोचली. तीत विरह पुरुषाचा आणि वाणीही पुरुषाची. शिवाय त्या मैनेत महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूखही आहे. सखीच्या आडून बोलण्याची गरज उरली नव्हती. शाहिरीच्या इतिहासात हा बदल लहान नव्हे.

२८.
सारांश असा. पोवाडा वाचताना विचारावे, यात कोणाची नावे नाहीत? विरहाची लावणी वाचताना विचारावे, ही बाई कोणासाठी बोलते आहे? ओवी ऐकताना मात्र मध्ये कोणी दुभाषा नाही, याचे भान ठेवावे. ‘पेशवाईतील स्त्रीचे मन’ म्हणून लावणी पुढे पाठवली की आपण दोघांवर अन्याय करतो. स्त्रीच्या नावावर पुरुषाची कल्पना खपवतो, आणि ज्या शिपायाने स्वतःचे दुःख सांगायला दुसऱ्याचा वेष घेतला, त्याला पुन्हा एकदा मोजायचे राहून जातो.

२९.
हे काम केवळ दप्तरखान्यात होणारे नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते थांबले. जात्याबरोबर ओवी थांबली. ज्यांना ती मुखोद्गत आहे अशा आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या घरी कोणी असेल तर तिला या दिवाळीत बसवून ऐकावे, फोनवर मुद्रित करावे, तिचे नाव, माहेर आणि सासर लिहून ठेवावे. नाव लिहायला विसरू नये.

३०.
आणि गावी महायुद्धाची ती पाटी असेल तर तिचे छायाचित्र काढून या थ्रेडखाली टाकावे. सोबत गावातल्या जुन्या माणसांना विचारावे : आकड्यातले ते कोण होते? कोणत्या घराचे, कोणत्या वाडीचे, कोणत्या पलटणीचे? भीमा-नीरेच्या काठच्या वाचकांनी तर जरूर विचारावे. इथून घोडे गेले ते इतिहासात नोंदले आहे. स्वारांची नावे लावणे बाकी आहे.

थ्रेड समाप्त.